जवानाच्या डोक्यावरचं विमान: ‘जवळचा हवाई मारा’ म्हणजे काय आणि त्याचं पुढे काय होणार?

मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने हिंदुस्तान एरोनॉटिक्सशी १५६ ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरांचा करार केला. रक्कम ६२,७०० कोटी रुपये, कर वेगळे. त्याच वर्षी जुलैमध्ये लष्कराची पहिली तीन ‘अपाची’ हेलिकॉप्टरं भारतात उतरली. तिकडे अमेरिकेचं हवाई दल आपलं गाजलेलं रणगाडाफोड विमान ‘ए-१०’ निवृत्त करायच्या मागे लागलेलं. सोलापुरात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या सगळ्याचा एकच काला झालेला दिसतो. एकजण विचारतो, ‘ड्रोनचा जमाना आलाय, आता हेलिकॉप्टरं कशाला घेतायत?’ दुसरा लगेच ए-१० च्या तोफेचा व्हिडिओ टाकतो आणि म्हणतो, ‘हे आपल्याकडं पायजे होतं बघा!’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दोघांचीही नजर यंत्रावर आहे. या प्रकारच्या लढाईत यंत्रापेक्षा अवघड भाग आहे तो खालचा जवान आणि वरचा वैमानिक यांच्यातल्या दोन-तीन मिनिटांच्या बोलण्याचा. तो समजला की कोणतं विमान जाणार, कोणतं राहणार, याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

किती जवळ म्हणजे ‘जवळ’?

सीमेपलीकडे पन्नास किलोमीटरवरचा पूल किंवा दारूगोळ्याचं कोठार उडवायचं असेल तर वैमानिक आदल्या दिवशी नकाशा अभ्यासून जातो आणि काम करून येतो. तिथे आपलं माणूस नसतं. ‘क्लोज एअर सपोर्ट’, म्हणजे जवळचा हवाई मारा, हा वेगळा प्रकार. शत्रू आपल्या तुकडीच्या इतका जवळ असतो की विमानाची प्रत्येक फेरी खालच्या तुकडीच्या हालचालीशी आणि तिच्या गोळीबाराशी जुळवून घ्यावी लागते. मे २०२५ च्या ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये हवाई दलाने केलेले हल्ले या प्रकारात बसत नाहीत, कारण त्या लक्ष्यांजवळ आपलं पायदळ नव्हतं.

व्याख्येत मीटरचा आकडा नाही, आणि ते मुद्दाम आहे. धोक्याचं अंतर शस्त्रागणिक बदलतं. अमेरिकी आणि नाटो सैन्यांत ते ठरवायची रीत अशी: अमुक शस्त्र अमुक अंतरावर फुटलं तर आपला माणूस जायबंदी व्हायची शक्यता हजारात एक. त्या रेषेच्या आतलं सगळं धोक्याचं. तोफा आणि उखळी तोफांसाठी ढोबळमानाने ६०० मीटर धरतात. बॉम्बांचे तक्ते वेगळे. शत्रू त्याहून जवळ आला आणि तरीही मारा हवाच असेल तर मागवता येतो, पण तेव्हा तुकडीच्या कमांडरला स्वतःच्या नावाची आद्याक्षरं रेडिओवर द्यावी लागतात. म्हणजे, धोका मला ठाऊक आहे आणि जबाबदारी माझी.

म्हणूनच ‘बॉम्ब मोठा तेवढा चांगला’ हा हिशेब इथे उलटा फिरतो. ९०७ किलोचा बॉम्ब इमारतीसाठी ठीक, पण दोनशे मीटरवरच्या खंदकासाठी तो मागवणारा स्वतःच सापडेल. त्यापेक्षा ७० मिलिमीटरचं रॉकेट, ४५-५० किलोचं हेलफायर क्षेपणास्त्र (त्यातलं स्फोटक शीर्ष आठ-नऊ किलोचं) किंवा तोफेच्या गोळ्यांची एक झड जास्त उपयोगी.

आता वरून बघा. ताशी ९०० किलोमीटरने जाणारं विमान सेकंदाला २५० मीटर कापतं. ‘अरे, ती बघ गाडी’ एवढं म्हणेपर्यंत अर्धा किलोमीटर मागे पडलेला. तीन हजार मीटर उंचीवरून सोडलेला साधा बॉम्ब जमिनीवर पोचायला साधारण २५ सेकंद घेतो, आणि तेवढ्यात माणूस सहज शंभर मीटर पळतो. वैमानिकाला खाली दिसतात ते ठिपके. ठिपक्याच्या अंगावर कोणता गणवेश आहे ते दिसत नाही.

खास विमान कशासाठी?

हळू उडणारं, खाली उतरून बघू शकणारं आणि मार खाऊनही परत येणारं विमान हवं, या गरजेतून ए-१० जन्मलं. पहिलं उड्डाण १९७२ मध्ये, आणि सत्तरच्या दशकातच ते सेवेत आलं. या विमानाची रचना तोफेभोवती केली आहे असं म्हणतात ते शब्दशः खरं आहे. सात नळ्यांची ३० मिलिमीटरची ही तोफ मिनिटाला ३,९०० गोळ्यांच्या वेगाने झाडते. गोळी सुटणारी नळी विमानाच्या बरोबर मध्यरेषेवर यावी, नाहीतर धक्क्याने नाक वळेल, म्हणून पुढचं चाकच उजवीकडे सरकवलंय. पेटीत जेमतेम १,१७४ गोळ्या. हिशेब करा: सेकंदाला ६५, म्हणजे सगळा साठा १८ सेकंदांत खलास. व्हिडिओत जो ‘ब्रर्रर्र’ आवाज ऐकू येतो तो एकेका सेकंदाचा असतो, त्याचं कारण हेच.

वैमानिकाभोवती सुमारे ५४० किलोचं टायटॅनियमचं चिलखत. दोन्ही इंजिनं मागे, उंचावर आणि एकमेकांपासून लांब, म्हणजे एकाला गोळा लागला तर दुसरं वाचतं. चाकं आत घेतली तरी थोडी बाहेर राहतात, म्हणजे पोटावर उतरायची वेळ आली तरी खालचा भाग कमी फाटतो. हायड्रॉलिक दाब गेला तरी तारा आणि दांड्यांवर विमान हाताने चालवता येतं. २००३ मध्ये बगदादवर मार खाल्लेलं एक ए-१० वैमानिक किम कॅम्पबेल यांनी असंच हाताच्या जोरावर परत आणलं होतं.

रशियाचं उत्तर ‘सुखोई-२५’. त्यालाही टायटॅनियमचं कवच, दोन नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ आणि २५० गोळ्या. ते ए-१० पेक्षा वेगवान, आणि कच्च्या धावपट्टीवरूनही उडणारं. अफगाणिस्तानपासून युक्रेनपर्यंत ते राबतंच आहे.

पण चाहत्यांना न रुचणारी एक गोष्ट. १९९१ च्या आखाती युद्धात ए-१० ने इराकी रणगाडे फोडले, त्यात मोठा वाटा ‘मॅव्हरिक’ क्षेपणास्त्रांचा होता. ती प्रसिद्ध तोफ मऊ लक्ष्यांवर, म्हणजे ट्रक, खंदक, तोफांच्या जागा यांवर उत्तम. आधुनिक रणगाड्याला समोरून तिचा फारसा फरक पडत नाही.

पत्ता सांगण्याची विद्या

खालून विमानाशी बोलणारा माणूस म्हणजे ‘फॉरवर्ड एअर कंट्रोलर’, पुढे आपण त्याला नियंत्रक म्हणू. त्याचं काम नेमकं कसं चालतं?

सोलापूरच्या पूर्व भागात पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला फोनवर घर सांगून बघा. गल्ल्या सारख्या, प्रत्येक गल्लीत यंत्रमागाची खटखट सारखी. ‘निळ्या दाराचं घर’ म्हणून उपयोग नाही. आधी अशोक चौक, मग तिथून कोणता रस्ता, मग देऊळ, देवळापासून तिसरी गल्ली, आणि शेवटी दार. प्रत्येक टप्प्याला ‘दिसलं का?’ विचारायचं, आणि ‘दिसलं’ म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. नियंत्रक हेच करतो: मोठ्याकडून लहानाकडे. नदी, नदीवरचा पूल, पुलाच्या उत्तरेचा रस्ता, रस्त्यावरची तिसरी इमारत. फरक एवढाच की त्याचा पाहुणा सेकंदाला २०० मीटर वेगाने गोल फिरतोय, आणि खालच्याला जे ‘डावीकडे’ ते वरच्याला प्रत्येक फेरीत बदलतं. म्हणून डावं-उजवं वापरत नाहीत. दिशा सांगायच्या त्या उत्तर-दक्षिण, आणि अंतरं मीटरमध्ये.

या बोलण्याआधी एक ठरलेला साचा वाचून दाखवतात. नाटो पद्धतीत तो नऊ ओळींचा असतो आणि ओळींचा क्रम बदलत नाही. हल्ल्याची सुरुवात कुठून, तिथून लक्ष्याकडे कोणत्या दिशेने, किती अंतर. लक्ष्याची समुद्रसपाटीपासून उंची, लक्ष्य काय आहे, नेमकं कुठे आहे, त्यावर खूण कशाची (धूर, लेझर की काहीच नाही), आपली माणसं कुठल्या दिशेला किती लांब, आणि मारा झाल्यावर विमानाने बाहेर कुठून पडायचं. त्यानंतर बंधनं, म्हणजे कोणत्या दिशेने यायचं नाही वगैरे. मग वैमानिक उंची, जागा आणि बंधनं उलट वाचून दाखवतो. सगळं जुळलं तर नियंत्रक मारा करायची परवानगी देतो. ती मिळेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

यातल्या दोन ओळी सामान्य वाचकाला फालतू वाटतील, पण खरी मेख तिथेच आहे.

पहिली, उंची. बॉम्ब सरळ खाली पडत नाही, तिरका येतो. तो ४५ अंशांत येत असेल आणि लक्ष्याची उंची १०० मीटर चुकीची दिली असेल, तर तो १०० मीटर पुढे किंवा मागे पडणार. सपाट माळरानावर ही चूक खपून जाईल. डोंगरात नाही.

दुसरी, दिशा. साध्या बॉम्बची आणि तोफेची चूक आडवी कमी, उभी जास्त असते. म्हणजे विमान ज्या रेषेत जातंय त्याच रेषेत मारा पुढे-मागे होतो. म्हणून शक्यतो विमानाला आपल्या जवानांच्या रांगेला समांतर आणतात, त्यांच्या डोक्यावरून नाही. मग चुकला तरी चुकलेला गोळा रांगेच्या बाजूने सरकतो, रांगेत पडत नाही.

आणि तिसरी गोष्ट साच्यात नाही, पण घात करते: आकडे लिहायची पद्धत. सोलापूरजवळचा एक अक्षांश घ्या. १७ अंश ३९ मिनिटं ५० सेकंद, आणि १७ अंश ३९.५० मिनिटं. घाईत रेडिओवर दोन्ही ‘सतरा, एकोणचाळीस, पन्नास’च ऐकू येतात. पण दुसऱ्यातली अर्धी मिनिट म्हणजे ३० सेकंद. फरक २० सेकंदांचा, आणि अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३१ मीटर, म्हणजे जमिनीवर सहाशे मीटरच्या वर. किल्ल्यावर बोट ठेवायचं आणि खूण भलत्याच पेठेत, अशातली गत. म्हणून कोणत्या पद्धतीने आकडे देतोय ते आधी ठरवून घेतात, आणि लष्करी नकाशाच्या चौकटीचा संदर्भ वापरला तर त्याचे आकडे मोजतात. सहा आकडी संदर्भ १०० मीटरपर्यंत नेतो, आठ आकडी १० पर्यंत, दहा आकडी एका मीटरपर्यंत.

एवढं असून चुका होतात कशा?

डिसेंबर २००१, अफगाणिस्तान. अमेरिकी नियंत्रकाने जीपीएस यंत्राची बॅटरी बदलली. चालू झाल्यावर यंत्राने शत्रूची जागा विसरून स्वतःची जागा दाखवली, आणि तेच आकडे वर गेले. बी-५२ ने सोडलेला ९०७ किलोचा बॉम्ब अगदी अचूक, म्हणजे नेमका आपल्याच माणसांत पडला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांचे अफगाण साथीदार गेले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हमीद करझाई तिथेच होते, ते किरकोळ जखमी झाले. इथे शस्त्र चुकलं नाही. अचूक शस्त्राला चुकीचा पत्ता दिला की तो ते इमानेइतबारे गाठतं.

जून २०१४, पुन्हा अफगाणिस्तान, बी-१ बॉम्बफेकी विमान. जवानांच्या अंगावर रात्री फक्त खास चष्म्यातून दिसणारे अवरक्त दिवे लुकलुकत होते. विमानाचा लक्ष्यवेधी कॅमेरा तशा प्रकारचे दिवे टिपू शकत नव्हता, आणि विमान इतक्या लांबून घिरट्या घालत होतं की चष्म्यातूनही ते दिसले नाहीत. बंदुकीच्या नळीतला उजेड मात्र दिसला, आणि तो शत्रूचा समजला गेला. पाच अमेरिकी आणि एक अफगाण सैनिक मेले. कॅमेऱ्याला काय दिसत नाही हे खालीवर दोघांनाही पक्कं ठाऊक असायला हवं होतं.

खास याच कामासाठी बनवलेलं विमानही सुटलेलं नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये ए-१० च्याच माऱ्यात नऊ ब्रिटिश सैनिक गेले.

आपला अनुभव: छांब, लोंगेवाला, कारगिल

१ सप्टेंबर १९६५. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, आणि हवाई दल वापरायची परवानगी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी दुपारी दिली. निर्णयाला त्यांनी वेळ लावला नाही, पण विनंती वर यायलाच दिवस कलला होता. पठाणकोटहून निघालेली जुनी व्हॅम्पायर विमानं संध्याकाळच्या उजेडात पोचली. चार व्हॅम्पायर पडली, आणि गोंधळात आपल्याच तुकड्यांवर मारा झाल्याच्याही नोंदी आहेत. परवानगी मिळायला झालेला उशीर, उजेड, कोण कुठे आहे याचा पत्ता: तिन्ही बाजूंनी घडी विस्कटलेली.

५ डिसेंबर १९७१, लोंगेवाला. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची सुमारे १२० जणांची तुकडी रात्रभर रणगाड्यांसमोर उभी राहिली, कारण जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री दिसत नव्हतं. उजाडल्यावर हंटर आली, आणि दिवसभरात तीसच्या वर रणगाडे एकतर फुटले किंवा वाळूत सोडून दिले गेले. हे इतकं सोपं कशाने झालं? उघडं वाळवंट, चाकोऱ्या वरून स्पष्ट दिसणाऱ्या, पाकिस्तानचं एकही लढाऊ विमान आकाशात नाही. आणि वरून लहानसं ‘कृषक’ विमान हंटरांना लक्ष्यं दाखवत होतं, म्हणजे पत्ता सांगणारा हजर होता. लोंगेवालाचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण त्याला नमुना मानून चालत नाही. असं उघडं आकाश पुन्हा मिळेलच असं नाही.

मग कारगिल. २६ मे १९९९ ला ‘सफेद सागर’ मोहीम सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी एक मिग-२७ इंजिन बंद पडून गेलं, आणि त्याच्या वैमानिकाच्या शोधात असलेलं स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचं मिग-२१ खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं. २८ तारखेला एमआय-१७ हेलिकॉप्टर तसंच गेलं, आतले चौघेही. तीन दिवसांत तीन. त्यानंतर सशस्त्र एमआय-१७ मागे घेतली आणि विमानं क्षेपणास्त्रांच्या टप्प्याच्या वर गेली. पण तितक्या उंचीवरून कड्यावरचा संगर (दगड रचून केलेला आडोसा) म्हणजे टाचणीचं टोक, आणि पाच-दहा मीटर चुकलेला बॉम्ब दरीत. विरळ हवेत बॉम्बची वाट नेहमीच्या तक्त्यांप्रमाणे जात नाही, हे वेगळंच. मार्ग निघाला तो मिराज-२००० ला लेझर दाखवणारं ‘लायटनिंग’ यंत्र जोडल्यावर. २४ जूनला टायगर हिलवर लेझरच्या वाटेने जाणारा बॉम्ब पडला.

‘प्रचंड’चं मूळ याच धड्यात आहे. त्याचं वजन ५.८ टन, अपाचीचं जवळपास दुप्पट. पाच हजार मीटर उंचीवर शस्त्रांसकट उतरायचं-उडायचं असेल तर हलकं असण्याला पर्याय नाही. मे महिन्यात सोलापूरच्या ४३-४४ अंशांत हेलिकॉप्टरची उचल कमी होते तीच गोष्ट, लडाखमध्ये विरळ हवेमुळे कितीतरी पटीने.

मग हळू विमान जाणार का?

जाणार, आणि कारण कारगिलमध्येच दिसलं होतं. स्टिंगर, इग्ला असली क्षेपणास्त्रं एका माणसाच्या खांद्यावर मावतात, पाचेक किलोमीटर लांब आणि साडेतीन किलोमीटर उंच मारतात. ए-१० ची सगळी मजबुती बंदुकीच्या आणि विमानविरोधी तोफेच्या गोळ्यांसाठी होती. १९९१ मध्येही इराकच्या ‘रिपब्लिकन गार्ड’ या निवडक सैन्यावर गेलेली दोन ए-१० एकाच दिवशी पडली आणि मग त्यांना मागच्या भागात काम दिलं.

युक्रेनमध्ये तर दोन्ही बाजू सुखोई-२५ झाडांच्या शेंड्याला घासून आणतात, नाक वर करतात, रॉकेटं आभाळात फेकतात आणि वळून पळतात. रॉकेटं जातात चार-पाच किलोमीटर, पडतात कुठेही. वैमानिकाला लक्ष्य दिसतच नाही. महागड्या विमानाने केलेलं हे तोफेचं काम, तेही तोफेपेक्षा वाईट. मजबूत विमानाची मूळ कल्पना, जवळ जाऊन डोळ्यांनी बघून मारायची, तिथे संपली.

‘मग उंचावरून स्मार्ट बॉम्ब टाका की!’

टाकतातच. बी-५२ सारखं १९५० च्या दशकातलं बॉम्बफेकी विमान अफगाणिस्तानात हेच करत होतं. समोर विमानभेदी क्षेपणास्त्रं नसतील तर हा उत्तम मार्ग. पण लेझरला ढग, धूळ, धूर चालत नाही. जीपीएसचा बॉम्ब ढगातून जातो, पण सिग्नल जाम केला की भरकटतो, आणि युक्रेनमध्ये ते रोज घडतंय. शिवाय त्याला आकडा लागतो. पळणाऱ्या गाडीला आकडा नसतो.

‘ड्रोन आहेत ना!’

ड्रोनने या कामाचा एक मोठा तुकडा खरोखरच उचललाय. किलो-दोन किलो स्फोटक घेऊन जाणारा ड्रोन चालवणारा स्वतः पायदळातला असतो, त्याच खंदकात बसतो. म्हणजे नऊ ओळी, उलट वाचन, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात. स्फोटक लहान, म्हणून धोक्याचं अंतरही लहान. नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या कंपनीने बनवलेलं ‘नागास्त्र-१’ बघा: नऊ किलोच्या आसपास वजन, एक किलोचं शीर्ष, माणसाच्या नियंत्रणाखाली १५ किलोमीटरचा पल्ला. लक्ष्य सापडलं नाही तर पॅराशूटने परत उतरतं. कारगिलच्या त्या संगरासमोर असं काही असतं तर, हा विचार मनात येतोच.

पण ‘ड्रोन आले, विमानं संपली’ म्हणणाऱ्यांनी तीन गोष्टी बघाव्यात. एक किलो स्फोटकाने काँक्रीटचा बंकर फुटत नाही. रेडिओ जाम झाला की लहान ड्रोन आंधळा होतो. त्यावर उपाय म्हणून युक्रेनमध्ये मागे फायबरची तार सोडत जाणारे ड्रोन आले, पण तार झाडात अडकते आणि पल्ला बांधला जातो. आणि लडाखच्या थंडीत बॅटरी टिकत नाही, वाऱ्यात लहान पंखे दम सोडतात. मोठा ड्रोन घ्यायचा तर एमक्यू-९ दिवसभर घिरट्या घालू शकतो. भारताने असे ३१ घेण्याचा करार ऑक्टोबर २०२४ मध्ये केलाय. पण तो हळू आणि ठसठशीत. येमेनमध्ये हूती बंडखोरांनी अमेरिकेचे असे बरेच पाडलेत. नियंत्रण रेषेवर शांततेत टेहळणीला उत्तम, युद्धात पुढच्या रांगेवर नाही.

‘हेलिकॉप्टर तर त्याहून हळू आहे!’

खरंय. पण ते डोंगराआड लपतं. प्रचंड किंवा अपाची कड्यामागून डोकं काढतं, मारतं आणि पुन्हा खाली बसतं. विमानाला ते जमत नाही. शिवाय ते आघाडीच्या जवळ ठेवता येतं, आणि त्यातली बरीच लष्कराच्याच ताब्यात असतात. वेळेचा हिशेब सोलापूर-पुण्यावर करून बघा. सरळ रेषेत साधारण २३५ किलोमीटर. ताशी ९०० चं विमान १६ मिनिटांत, ताशी २५० चं हेलिकॉप्टर जवळजवळ तासात. म्हणून लांबच्या तळावरून मागवायचं असेल तर विमान, आणि हेलिकॉप्टर हवं तर ते आधीपासून ४०-५० किलोमीटरवर आणून ठेवलेलं पाहिजे. सपाट पंजाबात, जिथे आडोसा म्हणजे उसाचा फड, तिथे हेलिकॉप्टरचं गणित बरंच कच्चं. वाळवंटात त्याहूनही.

भारताने ‘आपलं ए-१०’ बनवावं का?

माझं मत स्पष्ट आहे: नाही. हंटरांच्या जमान्यानंतर आपल्याकडे हे काम मुख्यतः सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, विमानांनीच केलंय. मिग-२७ डिसेंबर २०१९ मध्ये जोधपूरला निवृत्त झालं, जग्वार अजून चालू आहेत पण वयस्कर. त्यांची जागा तेजससारखं बहुकामी विमान घेईल, आणि ते बरोबरच आहे, कारण समोर पाकिस्तान आणि चीन आहेत, दोघांकडेही खांद्यावरची क्षेपणास्त्रं उदंड. अमेरिकेच्या विशेष दलांनी शेतात फवारणी करणाऱ्या एअर ट्रॅक्टर विमानावर आधारलेलं ‘ओए-१के’ घेतलंय. आपल्याकडे द्राक्षबागेवर फवारणीला ड्रोन दिसतो, तिकडे त्याच कामाच्या विमानाला बॉम्ब लावलेत! पण ते फक्त अशा ठिकाणी, जिथे खालून क्षेपणास्त्र यायची भीती कमी. आपली सीमा तशी नाही.

पैसा घालायचा तर तो कुठे? प्रत्येक पायदळ बटालियनपर्यंत पोचणारे प्रशिक्षित नियंत्रक, लक्ष्यावर लेझर टाकणारी हातातली यंत्रं, विमानाशी आणि हेलिकॉप्टरशी थेट बोलणारे व जाम न होणारे रेडिओ, आणि लहान मार्गदर्शित शस्त्रं. यातलं काहीच २६ जानेवारीच्या संचलनात उठून दिसत नाही, आणि मला वाटतं तीच त्यांची अडचण आहे.

भरतीवाल्यांसाठी

माढा, बार्शी, सांगोला, मंगळवेढ्याकडून जे या वाटेला जाऊ पाहतात त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की हे काम फक्त वैमानिकाचं नाही. लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक नाशिकच्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये तयार होतात. तोफांचा मारा दुरुस्त करायला शिकवणारं तोफखान्याचं विद्यालय तिथून जवळच, देवळालीला. सहा आणि आठ आकडी नकाशा संदर्भ, उंचीच्या रेषा वाचणं आणि होकायंत्राने दिशा मोजणं एनसीसीमध्ये शिकवतात. ते मन लावून शिकलेलं पोरगं नियंत्रकाचं साधन हातात आल्यावर दोन पावलं पुढे असतं. मिनिट-सेकंद आणि दशांश मिनिटांचं रूपांतर कागदावर, घड्याळ लावून, रोज दहा उदाहरणं करून बघा. सुरुवातीला दहातली एक तरी चुकतेच.